आरोग्यदिनांचे कॅलेंडर: खान्देशात कोणते दिवस पाळावेत?

तापीकाठ (चोपडा)
३ जून, सकाळी ७.४०

सर्व सभासदांना नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावच्या वाचनालयाचे काम पाहतो. पुढील वर्षासाठी वाचनालयातर्फे भिंतीवर लावायचे एक कॅलेंडर छापायचे ठरले आहे. दर महिन्याला वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एक दिवस, त्यामागची हकिगत आणि त्या दिवशी गावाने करायचे एक काम, एवढाच मजकूर प्रत्येक पानावर असावा, असा माझा विचार आहे.

दिवस शोधायला बसलो, तेव्हा ते बारापेक्षा फार जास्त निघाले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून तो जागतिक क्षयरोग दिन. १२ मे १८२० हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणून परिचारिका दिन. १४ जून हा रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, म्हणून रक्तदाता दिन. १ जुलै हा डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही, म्हणून डॉक्टर दिन. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी दिसला. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन रेबीज दिन म्हणून पाळतात, आणि १४ नोव्हेंबर हा इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा जन्मदिवस मधुमेह दिन म्हणून.

यांतले कोणते ठेवावेत? आणि दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. असा दिवस पाळल्याने एखाद्या रुग्णाचे काही भले झाल्याचे आपण कोणी स्वतः पाहिले आहे का? पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

केळीबाग (रावेर)
३ जून, सकाळी ९.०५

गुरुजी, उपक्रम उत्तम आहे. आमच्याकडे कोणताही दिन असला की रुग्णालयात फळवाटप होते आणि रावेर-यावल पट्ट्यात फळ म्हणजे केळीच. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः बागेतील चार घड दिले होते. वाटप करणाऱ्या मंडळींसोबत वॉर्डातून फिरलो, लोकांनी हात जोडले, मनाला समाधान वाटले. भले झाले की नाही हे मात्र मला सांगता येणार नाही.

पांझरा (धुळे)
३ जून, दुपारी २.३०

केळीबाग भाऊ, तुमची भावना मनापासून होती, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मी एकोणतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. फळवाटपाची मंडळी वॉर्डातून गेली की आमचे पहिले काम ठरलेले असे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या उशाशी ठेवलेली केळी उचलून घ्यायची. केळ्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि मूत्रपिंड निकामी होत असलेल्या माणसाच्या रक्तात ते साठले, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेले रुग्ण असत, साखर वाढलेलेही असत. पुढच्या वेळी घड जरूर द्यावेत, परंतु ते स्वयंपाकघरात द्यावेत. कोणाला काय द्यायचे ते आहार पाहणारी ताई ठरवील.

आता १२ मेविषयी. त्या दिवशी आम्हाला एक गुलाबाचे फूल मिळे, दिवा लावून शपथ म्हटली जाई आणि भाषणात 'हातात दिवा घेतलेली देवी' असा उल्लेख येई. मला त्या उल्लेखाचे नेहमी वाईट वाटत आले आहे, कारण नाइटिंगेल यांचे खरे मोठेपण त्यांच्या वहीत होते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, आणि परतल्यानंतर त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले की जखमांनी जितके सैनिक दगावले, त्याहून कितीतरी अधिक टाळता येण्याजोग्या संसर्गाने दगावले. हे सरकारातील वरिष्ठांच्या चटकन लक्षात यावे, म्हणून त्यांनी वर्तुळाकार आकृत्या काढल्या. त्या भारतात कधी आल्या नाहीत, तरी येथील लष्कराच्या आणि खेड्यांच्या स्वच्छतेविषयी त्यांनी अनेक वर्षे लिहिले. तेव्हा मे महिन्याच्या पानावर दिव्याचे चित्र न छापता नोंदवहीचे छापावे, आणि काम असे द्यावे: गावात गेल्या वर्षभरात किती बाळंतपणे झाली, किती बाळे दगावली आणि कशाने, हे आशाताईकडून समजून घ्यावे व ग्रामसभेत वाचावे.

वाचनवेडा (जळगाव)
३ जून, रात्री ९.१५

पांझरा ताईंच्या मताशी पूर्ण सहमत आहे. मोजण्याच्याच संदर्भात इग्नाझ सेमेलवाइस यांचे नाव कॅलेंडरात असावे असे वाटते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगाने होणारे मृत्यू सुईणींच्या विभागापेक्षा फार जास्त होते. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीजवळ येत. १८४७ साली सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्या एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेले मृत्यू काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही त्यांच्या काळातील बहुतेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. १५ ऑक्टोबरचा हात धुण्याचा दिवस त्यांच्या नावे छापता येईल.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
४ जून, सकाळी ८.२०

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे १४ जूनविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे.

त्या दिवशी एकाच वेळी अनेक ठिकाणी शिबिरे होतात. दात्यांची रांग पाहून आनंद वाटतो, परंतु रक्त हे कोठारात साठवायचे धान्य नव्हे. तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. एकाच दिवशी सगळ्यांनी दिले, तर काही पिशव्यांची मुदत संपते, आणि महिना-दीड महिन्यानंतर थॅलेसेमियाच्या लेकराचे वडील पेढीच्या दारात उभे असतात, तेव्हा त्याच्या गटाची पिशवी नसते. त्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याला १४ जून आणि १४ ऑगस्ट सारखेच.

सर्वांत अवघड महिना मे. महाविद्यालये बंद, लग्नसराई, आणि आमच्याकडचे ऊन सर्वांना माहीत आहे. तेव्हा कॅलेंडरात लँडस्टायनर यांची हकिगत १४ जूनलाच असू द्या. १९०१ साली त्यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, त्याआधी एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जिवाशी खेळ होता, आणि त्यांना नोबेल मिळाले ते १९३० साली. परंतु कामाच्या रकान्यात 'आज रक्तदान करा' असे न छापता 'आपला महिना ठरवा' असे छापा. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. गावातील चाळीस दात्यांनी महिने वाटून घेतले, तर पेढीला वर्षभर आधार मिळतो.

केळीबाग (रावेर)
४ जून, सकाळी ८.५५

ताई, केळीचे लक्षात ठेवले. गिरणाकाठ भाऊ, माझा मे महिना लिहून घ्या.

शिंदखेडा_वाट
४ जून, सकाळी ११.१०

थोडे वेगळे मत मांडतो. या यादीत बर्लिन, व्हिएन्ना, लंडन सर्व आहे, आपण कुठे आहोत? माझ्या आजोबांच्या पोटरीतून नारू नावाचा लांब जंत निघत असे. वडील सांगत की तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे, कारण तुटला तर पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणावर. गावची विहीर पायऱ्यांची होती, लोक पाण्यात उतरून घागरी भरत, आणि नारूच्या जखमेतून अळ्या त्याच पाण्यात जात. पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटी त्या वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने नवा नारू तयार होई.

या रोगावर लस नव्हती आणि त्याला बरे करील असे औषधही नव्हते. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर तो देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. गावोगावच्या बायकांनी पाणी गाळून मिळवलेला हा विजय कोणत्याही कॅलेंडरात नाही. फेब्रुवारीचे पान याला द्यावे.

तापीकाठ (चोपडा)
४ जून, सायंकाळी ६.००

फेब्रुवारीचे पान ठरले. माझ्या लहानपणी पाणी भरण्याच्या हंड्यावर दुहेरी फडके बांधलेले असे, ते आठवले.

जानेवारीत कुष्ठरोग दिन घ्यावा असा विचार आहे. तो महिन्याच्या शेवटच्या रविवारी की ३० तारखेला, याविषयी दोन ठिकाणी दोन प्रकारे वाचले.

वाचनवेडा (जळगाव)
४ जून, सायंकाळी ६.३५

दोन्ही बरोबर आहे, सर. जगभर जानेवारीचा शेवटचा रविवार, आणि आपल्याकडे गांधीजींचा स्मृतिदिन म्हणून ३० जानेवारी.

सातपुडा_पायथा (तळोदा)
५ जून, रात्री १०.४०

धागा पहिल्यापासून वाचला. मी अनेक वर्षे डोंगरातील पाड्यांवर आरोग्यसेवक म्हणून काम करतो. गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की दिवस पाळून भले होते, परंतु तो दिवस रुग्णाच्या सोयीचा असेल तरच.

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. आम्हा नंदुरबार जिल्ह्यातील लोकांना याहून जवळचा दिवस नाही, कारण भिल्ल, पावरा घरांतून हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी सलग तीन वर्षे १९ जूनला तपासणी शिबिर लावले. पाऊस सुरू झालेला, पेरणी तोंडावर आलेली, नाल्याला पाणी. टेबल मांडून दुपारपर्यंत बसलो, आणि आली ती फक्त शाळेतील मुले व दोन म्हातारी माणसे. ज्यांची लग्ने ठरायची आहेत ती विशी-बाविशीची पोरे-पोरी शेतात. मग दिवाळीनंतर शोधायला गेलो, तर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला.

चौथ्या वर्षी एका वृद्ध कारभाऱ्याने मला सांगितले, "होळीला ये, होळीला सगळे घरी असतात." आमच्याकडे दिवाळीपेक्षा होळी मोठी. काठीच्या राजवाडी होळीचे नाव आपण ऐकले असेल. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, आणि कितीही लांब गेलेला माणूस होळीला पाड्यावर परततो. त्या वर्षी मी बाजाराच्या कडेला टेबल मांडले. बोट टोचून घ्यायला रांग लागली, कारण जोडीला ढोल वाजत होता आणि कोणाला कामाची घाई नव्हती.

त्याच रांगेत क्षयाचे औषध अर्धवट सोडलेले दोन जण सापडले. उसाच्या फडावर गोळ्या संपल्या होत्या आणि तेथे कोणाला विचारावे हे त्यांना ठाऊक नव्हते. औषध मध्येच सुटले की जंतू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. दोघांचे उपचार पुन्हा सुरू झाले. २४ मार्च आणि होळी जवळजवळच येतात, हे मला तेव्हा कळले. म्हणून माझी विनंती अशी की कॅलेंडरात तारीख छापा, परंतु त्या तारखेचे काम आपल्या सणाच्या दिवशी नेऊन ठेवा.

पांझरा (धुळे)
६ जून, सकाळी ७.१५

सातपुडा भाऊ, आपल्या लिखाणाने माझ्या मनातील एक जुनी गोष्ट सुटली. ११ एप्रिल, कस्तुरबांची जयंती, ही २००३ पासून राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळली जाते. आम्ही त्या दिवशी रक्तक्षय तपासणी ठेवत असू आणि बायका येत नसत. आखाजी (अक्षय्य तृतीया) त्याच्या पुढेमागेच असते. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि वर्षातून तेवढेच दिवस त्यांच्यावर कोणाच्या चुलीची जबाबदारी नसते. माहेरी आईसमोर लेक खरे दुखणे सांगते. सासरी विचारले तर "बरी आहे" एवढेच उत्तर येते. हिमोग्लोबिनची तपासणी आखाजीला ठेवली पाहिजे, हे मला नोकरीत असताना सुचायला हवे होते.

वाचनवेडा (जळगाव)
६ जून, सकाळी १०.००

सिकलसेलच्या पानासाठी थोडी माहिती देतो. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे मूळ रेणूच्या पातळीवर सापडल्याचे ते पहिले उदाहरण. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये तो प्रथम नोंदला गेला. हिवतापाच्या प्रदेशात हा दोष टिकून राहिला, कारण एकच सदोष जनुक असलेल्याला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली हे सिद्ध केले. म्हणजे २० ऑगस्टचा रॉस यांचा दिवस आणि १९ जून यांचे नाते डोंगरातील माणसाच्या रक्तातच आहे.

आणखी एक योगायोग. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे झाला. १ जुलै हा डॉक्टर दिन आहेच, आणि नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तोही १ जुलै १९९८ रोजी.

शिंदखेडा_वाट
६ जून, सकाळी १०.४५

मग सिकलसेल जुलैच्या पानावर घ्या आणि 'लग्नाआधी कुंडलीऐवजी रक्ताचा रिपोर्ट जुळवा' असे ठळक अक्षरांत छापा. दोन वाहकांचे (एकच सदोष जनुक असलेल्यांचे) लग्नच होऊ दिले नाही, तर प्रश्न मिटेल.

डोंगरवाट (धडगाव)
६ जून, रात्री ९.५०

मी या धाग्यावर प्रथमच लिहीत आहे. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, आई-वडील दोघेही वाहक, मी वाहक.

शिंदखेडा दादा, आपला हेतू चांगला आहे हे मला समजते, परंतु त्या वाक्याचे आमच्याकडे काय होते ते सांगणे आवश्यक आहे. तपासणी दोघांची करायची असते, प्रत्यक्षात विचारणा होते ती मुलीची. माझा रिपोर्ट पाहून एक स्थळ परत गेले. त्या मुलाने स्वतःची तपासणी केलेलीच नव्हती. तो निरोगी जनुकांचा असता, तर आमचे एकही मूल सिकलसेलचे रुग्ण झाले नसते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची चारात दोन. हे चित्र काढून छापा, आणि त्याखाली 'वाहक आजारी नसतो' असे लिहा. 'लग्न होऊ देऊ नका' असे कृपया छापू नका. गरोदरपणातही तपासणी करता येते. निर्णय त्या दोघांना माहितीनिशी घेऊ द्यावा.

दुसरे, रुग्णाविषयीही लिहा. माझा भाऊ थंडीत पहाटे पाण्यात भिजला, उन्हात पाणी न पिता चालला किंवा त्याला ताप आला की त्याची हाडे आतून फुटल्यासारखी दुखतात. पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून ते होते. एका दवाखान्यात त्याला "नाटक करू नकोस" असे ऐकवले गेले होते, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता तो हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतो, पाण्याची बाटली सोडत नाही, आणि दुखण्याचे झटके पुष्कळ कमी झाले आहेत. शाळेत त्याला वर्ग चालू असताना पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा मिळावी, यासाठी वडिलांना चार खेटे घालावे लागले. १९ जूनला शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. त्या दिवशी प्रत्येक वर्गशिक्षकाने एवढी मुभा देण्याचे लिहून दिले, तरी माझ्या भावासारख्या मुलांसाठी तो दिवस खरा होईल.

शिंदखेडा_वाट
६ जून, रात्री १०.२०

ताई, माझे वाक्य मी मागे घेतो. मुलीलाच विचारले जाते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सातपुडा_पायथा (तळोदा)
७ जून, सकाळी ६.५०

डोंगरवाट ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. भोंगऱ्याच्या रांगेत आम्ही आता मुलांना आधी उभे करतो.

वाचनवेडा (जळगाव)
७ जून, सकाळी ११.३०

जुलै रिकामा होत असेल, तर २९ जुलैचा ओआरएस दिन सुचवतो. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे मिश्रण पाण्यात घालून पिंपांतून रुग्णांना प्यायला दिले, आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांकडे सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यू ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. पावसाळ्यात जुलाबाने लहान मुले हैराण होतात, तेव्हा कामाच्या रकान्यात पुडी उपलब्ध नसल्यास करायची कृती द्यावी: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पांझरा (धुळे)
७ जून, दुपारी १२.१०

याला माझे पूर्ण अनुमोदन. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, म्हणून 'सपाट' हा शब्द मोठ्या टायपात असू द्या. जुलाब थांबले तरी जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, हेही जोडा. आया तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतात.

कापूसवाला (पारोळा)
७ जून, रात्री ८.००

शेतकऱ्याची एक मागणी. १९ सप्टेंबर हा सर्पदंश जागृती दिन आहे. त्या महिन्यात कपाशी कमरेएवढी असते आणि पायाखालचे दिसत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार चित्रे छापा. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, हातपाय न हलवता थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे, आणि तो दवाखाना आपल्या गावापासून किती किलोमीटरवर आहे ते लिहायला एक रिकामी ओळ ठेवा. आमच्या शेजारच्या माणसाचे दोन तास देवळाच्या ओट्यावर गेले होते.

तापीकाठ (चोपडा)
८ जून, सकाळी ७.३०

आपण सर्वांनी मिळून माझे कॅलेंडर पार बदलून टाकले आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे. प्रत्येक पानावर आता दोन जागा राहतील. वर जगाची तारीख आणि तिची हकिगत, खाली आपल्या गावाची वेळ. क्षयाच्या पानावर खाली होळी, सुरक्षित मातृत्वाच्या पानावर खाली आखाजी, रक्ताच्या पानावर चाळीस नावांचा रिकामा तक्ता. १९ जूनच्या पानावर वर्गशिक्षकाच्या सहीची जागा आणि डोंगरवाट ताईंनी सांगितलेले चारांचे चित्र. सप्टेंबरला रिकामी ओळ.

डॉक्टर दिनासाठी जागा उरली नाही, याचे मला वाईट वाटते, तरी आमच्या गावात रात्री-अपरात्री येणारे डॉक्टर हे पाहून रागावणार नाहीत अशी खात्री आहे. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सगळी भाऊबंदकी गावी एकत्र येते, त्या वेळी कोणते काम ठेवावे हे अद्याप ठरलेले नाही. ऑगस्टच्या पानावर रॉस यांची हकिगत लिहून तयार आहे.

सातपुडा_पायथा (तळोदा)
८ जून, सकाळी ८.१५

कानबाईला मुंबई, सुरत, पुण्याहून माणसे येतात, गुरुजी. घरातील साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर त्याच दिवशी तपासा. पोरे समोर असली की म्हातारी माणसे "मला काही झाले नाही" असे म्हणत नाहीत, आणि औषधाचा खर्च कोण उचलणार, हेही तेथल्या तेथे ठरते.

डोंगरवाट (धडगाव)
८ जून, सकाळी ९.४०

कॅलेंडर छापून झाले की पाच प्रती आमच्या पाड्याच्या शाळेसाठी ठेवाव्यात. एसटी मुख्य रस्त्यापर्यंतच येते. तेथून वडील घेऊन जातील.